स्वभावाला औषध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डेहराडून येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयापुढे माझे नाव वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, आणि पदवीनंतरची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात गेलेली. परंतु एखादी फाइल समोर आली की विषय आपला नसला तरी ती पहिल्या पानापासून वाचावयाची, ही सवय मला ह्या नोकरीनेच लावली. थायरॉइडची फाइल माझ्यासमोर दोनदा आली, एकदा कचेरीत आणि एकदा घरात. आज मी जे बोलणार आहे ते मंडळाच्या सभासद असलेल्या आपल्या डॉक्टरीणबाईंनी आधी नजरेखालून घातले आहे. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. मी भलतेच काही बोलू लागलो तर मला थांबविण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सर्रास म्हणतो. ही म्हण बहुतेक वेळा खरी असेलही. पण काही वेळा आपण ज्याला स्वभाव म्हणून नावे ठेवतो तो स्वभाव नसतोच. तो एका ग्रंथीचा आजार असतो, आणि त्याला औषध असते. मला आज मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका राज्यात नेमणुकीवर होतो. आमच्या शाखेत एक लेखापाल होते. माणूस शांत, मोजके बोलणारा, हिशेबात चोख. पाहता पाहता वर्ष-दीड वर्षात ह्या गृहस्थांमध्ये विलक्षण पालट झाला. शिपायावर खेकसणे, चालू बैठकीतून उठून जाणे, भर थंडीत पंखा लावण्याचा हट्ट आणि त्यावरून शेजारच्या टेबलाशी भांडण. डबा दोन माणसांना पुरेल एवढा, आणि अंगावरचे कपडे मात्र दिवसेंदिवस ढगळ होत चाललेले. हात असा कापू लागला की सही जुळत नाही म्हणून बँकेने त्यांचा धनादेश परत पाठविला. कोणी म्हणे, घरात काही बिनसले आहे. कोणी म्हणे, व्यसन लागले असावे. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांच्या वरिष्ठांनी ‘रागीट, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही’ असा शेरा मारला.

शेवटी त्यांच्या पत्नीने आग्रह धरून त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे करून बोटे पसरावयास सांगितली आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळपानासारखा थरथरू लागला. नाडी मिनिटाला १२० च्या वर. रक्ताची तपासणी झाली आणि निदान ठरले, थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी अधिक काम करीत होती. उपचारांनंतर आठ-नऊ महिन्यांत आमचे मूळचे लेखापाल आम्हांला परत मिळाले. फायलीतला शेरा मात्र तसाच राहिला.

असे अहवाल घरोघरीही लिहिले जातात. ते कागदावर नसतात एवढेच.

आता ह्या ग्रंथीची थोडी ओळख करून घेऊ. गळ्याच्या पुढल्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून ती बसलेली असते. दोन पंख आणि मधला सांधा असा तिचा आकार फुलपाखराची आठवण करून देतो. मोठ्या माणसात तिचे वजन १५ ते २५ ग्रॅम, म्हणजे बाजारातल्या लिंबाहूनही कमी. आपल्या परिभाषाकोशांत तिला ‘अवटु ग्रंथी’ असे नाव दिले आहे. नाव भारदस्त आहे, परंतु औषधाच्या दुकानात ‘अवटु’ म्हटल्यास दुकानदार आपल्याकडेच संशयाने पाहील. म्हणून आज आपण थायरॉइडच म्हणू.

ही ग्रंथी अन्नातले आयोडीन रक्तातून वेचून घेते आणि त्यापासून दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, ते थायरॉक्सिन अथवा टी-४. दुसऱ्यात तीन, ते टी-३. टी-४ हा साठ्याचा माल समजावा. यकृत आणि इतर अवयव त्यातला एक अणू काढून त्याचे टी-३ करतात, आणि प्रत्यक्ष काम मुख्यतः हे टी-३ करते. काम कोणते, तर शरीराची गती राखण्याचे. हृदयाने किती वेगाने धडधडावे, अंगात ऊब किती असावी, आतड्यांनी अन्न किती लवकर पुढे सरकवावे, मनाने किती चपळाईने विचार करावा, ह्या सर्वांवर तिचा अंमल चालतो. म्हणूनच ती बिघडली की बिघाड एका जागी दिसत नाही. माणूसच बदललेला दिसतो.

ह्या ग्रंथीवर देखरेख असते मेंदूच्या तळाशी बसलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची. ती टी.एस.एच. नावाचा संदेश पाठविते. तपासणीच्या अहवालातले हे टी.एस.एच. पुष्कळांना बुचकळ्यात पाडते. आपण कचेरीतली माणसे आहोत, तेव्हा कचेरीच्या भाषेत सांगतो. टी.एस.एच. हे मुख्य कार्यालयाचे स्मरणपत्र होय. खालचे कार्यालय वेळेवर काम करीत असले की अधूनमधून एखादे पत्र पुरते. ते ढिले पडले की स्मरणपत्रांचा वर्षाव सुरू होतो. आणि खालून नको इतका माल येऊ लागला की मुख्य कार्यालय पत्रे लिहिणेच थांबविते. तेव्हा टी.एस.एच. वाढलेले दिसले तर थायरॉइड मंदावली आहे असे समजावे, आणि ते अगदी नाहीसे झाले असेल तर ती बेफाम सुटली आहे असे बहुधा समजावे. सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ पर्यंत धरतात; प्रयोगशाळेनुसार आकड्यात थोडा फरक पडतो.

आमच्या लेखापालांना जो विकार झाला होता त्याला ग्रेव्हज ह्या डब्लिनच्या डॉक्टरांचे नाव आहे. त्यांनी त्याचे वर्णन १८३५ मध्ये केले. ह्या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून असे घटक निर्माण करते की ते टी.एस.एच.ची हुबेहूब नक्कल करतात. मुख्य कार्यालय गप्प असते, पण खोटी स्मरणपत्रे येतच राहतात आणि ग्रंथी राबतच राहते. भूक वाढूनही वजन घटणे, घाम, धडधड, झोप उडणे, वरचेवर शौचास होणे आणि काहींचे डोळे बटबटीत होऊन पुढे येणे ही त्याची लक्षणे. धूम्रपानाने डोळ्यांचा त्रास आणखी बळावतो. म्हातारपणी मात्र ही लक्षणे दिसतीलच असे नाही. कधी केवळ नाडीची अनियमितता आणि उतरत चाललेले वजन एवढेच हाती लागते.

ह्यावर कार्बिमॅझोलसारख्या गोळ्या साधारण वर्ष-दीड वर्ष देतात. त्या घेत असताना ताप येऊन घसा दुखू लागला तर सर्दी समजून थांबू नये. गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासावे, कारण क्वचित ह्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा, आणि तिसरा किरणोत्सर्गी आयोडीनचा. ह्या तिसऱ्या उपायाची पहिली मात्रा अमेरिकेत १९४१ मध्ये देण्यात आली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने मुंबईत परळला १९६३ साली किरण-चिकित्सा केंद्र उघडले आणि थायरॉइडच्या रुग्णांना असा उपचार देण्याचे मोठे काम केले. गर्भवती स्त्रीला हा उपचार देत नाहीत. त्यानंतर पुष्कळांची ग्रंथी कायमची मंदावते आणि मग रोजची थायरॉक्सिनची गोळी लागते. हे आधीच समजून घेतले म्हणजे मागाहून कोणावर ठपका ठेवावासा वाटत नाही.

आता दुसरी फाइल. माझी मावशी अमरावतीला होती. दिवाळीच्या चकल्या आणि अनारसे ती एकटी अख्ख्या वाड्यासाठी करी. पन्नाशी उलटल्यावर चार-पाच वर्षांत ती हळूहळू मंदावत गेली. चालणे जड, बोलणे जड. कीर्तनात बसल्या बसल्या डोळा लागे. अमरावतीच्या उन्हाळ्यात, जेथे माणसे ओले पंचे डोक्याला गुंडाळतात तेथे, ही अंगावर शाल घेऊन बसे. केस विरळ झाले, त्वचा खरखरीत झाली, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. काकांनी ‘आता वय झाले, अंग सुटले’ म्हणून सोडून दिले. घरातल्या तरुण मंडळींनी ‘आईंना आता काम नको’ असा निर्वाळा दिला. मावशीलाही तो पटला. स्वतःला आळशी समजून ती बिचारी मनातल्या मनात खजील होत असे.

तिचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त गुवाहाटीस होता. दोन वर्षांनी तो दिवाळीला घरी आला आणि दारातच थबकला. रात्री तो म्हणाला, “आई, गेले वर्षभर फोनवर तुझा आवाज जाडाभरडा येत होता. मला वाटे, लाइनच खराब आहे.” लाइन खराब नव्हती. मावशीचा आवाजच बदलला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तिचे रक्त तपासून घेतले, टी.एस.एच. शंभराच्या घरात. वयाचा आणि हृदयाचा विचार करून डॉक्टरांनी लहान मात्रेपासून थायरॉक्सिन सुरू केले आणि सावकाश वाढविले. पुढल्या दिवाळीला अनारशांचे तांदूळ मावशीने स्वतः भिजत घातले.

आपणां दूर राहणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना असा बदल दिसत नाही, कारण तो तिळातिळाने होतो. वर्षा-दोन वर्षांनी गावी जाणाऱ्याला तो एका क्षणात दिसतो. आपल्या वाट्याला आलेल्या दूरदेशीच्या राहण्याचा हा एक उपयोग आहे. सुटीत घरी गेल्यावर आईचा, बहिणीचा, वहिनीचा चेहरा नीट पाहावा आणि दूरध्वनीवर आवाज नीट ऐकावा.

थायरॉइड मंदावण्याचे आज शहरांतले प्रमुख कारण हाशिमोतो ह्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये वर्णिलेला विकार हेच आहे. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच ह्या ग्रंथीला हळूहळू पोखरते. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ शहरांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर शंभर प्रौढांमागे सुमारे अकराजणांना हा मंदपणा आढळला, आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना आपल्याला काही झाले आहे ह्याची गंधवार्ताही नव्हती. स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक. ‘घरातली बाई आळसावली’ असे म्हणण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

ह्या ग्रंथीचे महत्त्व वैद्यकाला तरी कसे उमगले, ती कथा ऐकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडातील बर्नचे शल्यविशारद कोखर गळ्यावरच्या गाठी काढण्यात निष्णात होते. पुढे त्यांना दिसून आले की ज्यांची ग्रंथी आपण समूळ काढली ती माणसे सुस्त, सुजलेली आणि मंदबुद्धी झाली आहेत. हे त्यांनी १८८३ मध्ये जाहीरपणे मांडले. स्वतःच्या हातून झालेले असे परिणाम चारचौघांत सांगणे सोपे नसते, म्हणून मला १९०९ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकापेक्षाही ह्याचे मोल अधिक वाटते. नंतर १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसलच्या मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला टोचून पाहिला. ती बाई सुधारली. पुढे अर्क पोटात घेत घेत ती आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये वारली. तेवढ्या काळात तिला आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! केंडॉल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले, आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनविता आले. आज त्या आठशे मेंढ्यांचे काम मोहरीहून थोडी मोठी अशी एक गोळी करते, आणि तिचा रोजचा खर्च हॉटेलातल्या एका चहाहून कमी असतो.

आता आपण ज्या डोंगरांच्या पायथ्याशी बसलो आहोत त्यांच्याविषयी. आयोडीन मुख्यतः समुद्रात असते. हिमालयाच्या उतारांवरची माती हिमनद्यांनी, पावसाने आणि पुरांनी युगानुयुगे धुऊन निघाली, आणि तिच्यातले आयोडीनही वाहून गेले. काश्मीरपासून नागालँडपर्यंत हा गलगंडाचा पट्टा पसरलेला होता. (गलगंड आणि गंडमाळा ह्यांची आपल्याकडे गल्लत होते. गंडमाळा ह्या बहुधा क्षयाच्या गाठी. त्यांचा थायरॉइडशी संबंध नाही.) कच्चा माल नाही म्हणून स्मरणपत्रे वाढत जातात आणि बिचारी ग्रंथी आकाराने फुगत जाते, तो गलगंड. गळ्यावरची गाठ दिसते तरी. पण आयोडीनअभावी पोटातल्या मुलाच्या मेंदूची जी हानी होते ती दिसत नाही. ह्या डोंगरांत बहिरी, मुकी, खुजी आणि मतिमंद बालके जन्मत, आणि लोक त्याला दैव म्हणत.

ह्या दैवाची परीक्षा डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून घेतली. सुमारे एक लाख वस्तीच्या प्रदेशाचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधे मीठ पुरविले. आरंभी शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण शंभरात चाळिसाच्या आसपास होते. सहा वर्षांत आयोडीनयुक्त मिठाच्या भागांत ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. साध्या मिठाच्या भागात जैसे थे राहिले. मग त्या भागालाही तेच मीठ देण्यात आले. ह्या कामाचा निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन नावे आहेत, हे येथे सांगताना मला आनंद वाटतो.

गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. पुढील पाहण्यांत ही उणीव डोंगराबाहेरही आढळली, आणि साऱ्या देशाचे खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. आयोडीनरहित मिठाच्या विक्रीवरची बंदी एकदा आली, २००० मध्ये उठली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते; साऱ्या आयुष्याचे मिळून चहाचा चमचाही भरत नाही. एवढ्याशा वस्तूसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाया गेल्या.

आणि आता काही घरांतून हे मीठ पुन्हा हद्दपार होऊ लागले आहे, ह्याचे मला दुःख वाटते. उपवासाला सैंधव घ्यावे, त्याला कोणाची हरकत असणार? पण ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने केवळ सैंधवच वापरावयाचे, किंवा कोकणातून आणलेले खडे मीठ समुद्राचेच असल्यामुळे त्यात आयोडीन असणारच असे समजावयाचे, हे चुकीचे आहे. मिठागरात सुकलेल्या मिठात आयोडीन पुरेसे राहत नाही. लोणच्याला खडे मीठ जरूर वापरा. रोजच्या आमटीत मात्र आयोडीनयुक्तच असू द्या, आणि त्याची बरणी घट्ट झाकणाची ठेवा. तसेच हाशिमोतोच्या विकारावर मीठ वाढवून खाणे हा उपाय नाही. त्याने रक्तदाब तेवढा वाढेल. कोबी-फ्लॉवर शिजवून खाण्यासही आयोडीन पुरेसे मिळत असेल तर हरकत नसते.

सर्वांत जपावयाचे ते गर्भवती स्त्रीला आणि नवजात बालकाला. पहिले सुमारे तीन महिने पोटातले मूल आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. जी स्त्री आधीपासून गोळी घेते तिची मात्रा गर्भारपणात बहुधा वाढवावी लागते; म्हणून दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना कळवावे. पुष्कळजणी भलत्या भीतीने नेमक्या ह्याच वेळी गोळी बंद करतात, आणि मूल हकनाक धोक्यात येते. आपल्या देशात सुमारे हजार-बाराशे बालकांमागे एक मूल मंद किंवा अपुरी थायरॉइड घेऊन जन्मते. जन्मतः ते बहुधा अगदी निरोगी दिसते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून निदान होते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर ते इतर मुलांसारखेच वाढते. काही महिने उलटून गेले तर झालेली हानी भरून येत नाही. ही तपासणी आपल्याकडे सर्वत्र आपोआप होतेच असे नाही. आपल्या सुनेची अथवा मुलीची प्रसूती जेथे होईल तेथे बाळाची थायरॉइडची तपासणी केली का, असे आपण होऊन विचारावे. नात्यातली चार अनुभवी माणसे जवळ नसतात अशा ठिकाणी हा प्रश्न विचारणारे आपणच.

गोळीविषयी थोडे. थायरॉक्सिन सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावे आणि नंतर अर्धा-पाऊण तास चहाही घेऊ नये. लोहाच्या अथवा कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. आठवड्यात तपासून काही कळत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस ते थांबवावे, नाहीतर आकडे चुकीचे येतात. बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडणे म्हणजे छत्रीमुळे भिजत नाही म्हणून छत्री मिटून टाकणे होय. उलट ज्यांची ग्रंथी धड आहे त्यांनी केवळ वजन उतरविण्यासाठी ही गोळी घेणे हृदयाला आणि हाडांना घातक आहे. प्रत्येक थकवा थायरॉइडचाच असतो असेही नाही. तो रक्त कमी असल्याचा असेल, मधुमेहाचा असेल, अथवा मनातल्या दुःखाचाही असेल. म्हातारपणी टी.एस.एच. किंचित वाढलेले दिसले तर लगेच औषध लागतेच असेही नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

आपल्या बदल्या होतात, आणि प्रत्येक गावी नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून प्रत्येक घरात थायरॉइडच्या अहवालांची एक वेगळी फाइल असावी, तारखेनुसार लावलेली, गोळीची मात्रा कधी बदलली त्याच्या नोंदीसह. सामान बांधताना ती ट्रकमध्ये जाऊ देऊ नये. हातातल्या पिशवीत ठेवावी.

घड्याळाकडे पाहण्याची अध्यक्षांची खूण मला दिसली आहे. डॉक्टरीणबाई आता आपल्या प्रश्नांना उत्तरे देणार आहेत. दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.